रुग्णालयातला आहार आणि रुग्णाची तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाचा एक डोस चुकला तर केसपेपरवर नोंद होते, विचारणा होते. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत गेलं, तर बहुतेक ठिकाणी कुणाला पत्ताही लागत नाही. रुग्णालय चालवणारे, वॉर्डात काम करणारे आणि रुग्णाच्या उशाशी बसणारे नातेवाईक यांच्याकडून त्या ताटाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. एखाद्या विशिष्ट रुग्णाचा आहार ठरवताना मात्र त्याच्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचाच शब्द अंतिम मानावा.

जेवण तर प्रत्येक रुग्णालय देतं. मग पोषण कार्यक्रम म्हणजे वेगळं काय?

स्वयंपाकघरातून ताट निघालं की जेवण 'दिलं' असं धरलं जातं. पोषण कार्यक्रमाचं काम तिथून पुढे सुरू होतं. कोणाला धोका आहे ते दाखल होतानाच ओळखायचं, त्याची गरज काढायची, ती कोणत्या मार्गाने भागवायची ते ठरवायचं, पोटात खरोखर किती गेलं ते रोज लिहायचं आणि कमी पडत असेल तर लगेच काहीतरी बदलायचं. यातली शेवटची दोन कामं सर्वात जास्त राहून जातात. आहारतज्ज्ञांनी उत्तम तक्ता बनवला, रुग्णाने चार घास खाल्ले आणि ते कुणी पाहिलंच नाही, तर त्या तक्त्याचा रुग्णाला काहीही उपयोग झाला नाही.

रुग्णालयात असूनही माणूस कुपोषित कसा होतो?

अनेक जण आधीच खंगलेले येतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये, मोजण्याची पद्धत आणि रुग्णांचा प्रकार यांनुसार, दाखल होणाऱ्या प्रौढांपैकी साधारण २० ते ५० टक्के रुग्ण कुपोषित किंवा त्या वाटेवर असल्याचं आढळतं. त्यात भर पडते ती रुग्णालयातल्या दिवसांची.

आजारपणात शरीरात दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे आजाराशी लढताना शरीराची होणारी प्रतिक्रिया) वाढतो. त्याने भूक मरते आणि स्नायूही झिजतात. काही औषधांनी तोंडाची चव जाते, मळमळतं. तपासणीसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाची तपासणी पुढे ढकलली जाते आणि त्याची जेवणाची वेळही निघून जाते. दुखत असतं, कवळी घरी राहिलेली असते, हाताला सुई लावलेली असते, ताट हात पोहोचणार नाही इतकं लांब ठेवलेलं असतं. नुसतं पडून राहणंही महागात पडतं. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तेव्हा ठरलेला आहार मिळत असतानाही त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं होतं. आजारी माणसाचं काय होत असेल याचा अंदाज यावरून यावा.

हे आजचं नाही. क्रिमियन युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की अन्नाची रेलचेल असूनही दरवर्षी हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण त्यांना खाता येईल असं बघायला कुणी नसतं. पुढे १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णालयं स्वतःच रुग्णांना कुपोषित करत आहेत हे उघडपणे मांडलं. वजन-उंचीची नोंद नाही, तपासण्यांसाठी चुकवलेली जेवणं, दिवसेंदिवस फक्त सलाईन. त्यांची ही यादी आज वाचली तरी ओळखीची वाटते आणि याचंच मला सर्वात जास्त वाईट वाटतं.

पोषणाकडे लक्ष दिल्याने खरंच फरक पडतो, याला पुरावा काय?

स्वित्झर्लंडमधल्या ८ रुग्णालयांत झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'एफर्ट' हा अभ्यास या बाबतीत सर्वात बोलका आहे. पोषणाच्या दृष्टीने धोक्यात असलेले २,०८८ रुग्ण त्यात होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला रुग्णालयातलं नेहमीचं जेवण, तर दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासाठी आहारतज्ज्ञांनी वेगळं उद्दिष्ट ठरवून त्याचा पाठपुरावा केला. ३० दिवसांत मृत्यू, अतिदक्षता विभागात हलवावं लागणं, पुन्हा दाखल व्हावं लागणं, मोठी गुंतागुंत किंवा हिंडण्याफिरण्याची क्षमता बरीच घटणं, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण पहिल्या गटात २७ टक्के होतं, दुसऱ्यात २३. नुसते मृत्यू पाहिले तर १० टक्क्यांवरून ७ टक्के. बहुतेकांना नळी लागली नाही. नेहमीचंच अन्न थोडं दाट केलं, आवडीनुसार बदललं, मधल्या वेळचं खाणं आणि पूरक पेयं जोडली, इतकंच. एवढ्या साध्या उपायाने मृत्यू कमी होत असतील, तर ते न करण्याचं समर्थन कसं करणार?

पूरक पेयांवरचा २०१६चा एक अभ्यासही इथे सांगायला हवा. हृदयाचे किंवा फुप्फुसांचे आजार असलेल्या ६५२ कुपोषित वृद्धांपैकी काहींना जास्त प्रथिनांचं खास पेय दिलं. 'मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं' या मुख्य निकषावर फरक दिसला नाही. ९० दिवसांतले मृत्यू मात्र ९.७ टक्क्यांऐवजी ४.८ टक्के निघाले. हा अभ्यास पेय बनवणाऱ्या कंपनीनेच प्रायोजित केला होता, हेही लक्षात ठेवून तो वाचावा.

सगळ्यांना सारखाच फायदा होतो असंही नाही. एफर्टमधल्याच रुग्णांची नंतर विभागणी करून पाहिली, तेव्हा रक्तात दाहाचं प्रमाण फार वाढलेल्यांना, म्हणजे ज्यांचा सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) १००च्या वर होता त्यांना, आहाराचा फारसा लाभ झालेला दिसला नाही. आजाराचा जोर असताना शरीर अन्न नीट वापरू शकत नाही.

सुरुवात कुठून करायची?

वजनकाट्यापासून. रुग्ण दाखल झाल्यावर २४ तासांत त्याचं वजन, उंची आणि दोन-तीन प्रश्नांची उत्तरं केसपेपरवर यायला हवीत. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये तयार झालेल्या 'एमएसटी' या पद्धतीत दोनच गोष्टी विचारतात: अलीकडे प्रयत्न न करता वजन घटलं का, आणि घटलं असल्यास किती? भूक कमी झाल्यामुळे जेवण कमी झालंय का? उत्तरांना गुण असतात. दोन किंवा जास्त झाले की आहारतज्ज्ञांना कळवायचं. हे काम वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टर काही मिनिटांत करू शकतात. 'मस्ट' आणि 'एनआरएस २००२' या पद्धती याहून थोड्या सविस्तर आहेत. लहान मुलांसाठी वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात, मोठ्यांच्या चालत नाहीत.

रुग्ण उभा राहू शकत नसेल तर दंडाच्या मध्यावरचा घेर मोजावा. प्रौढाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) बहुधा २०च्या खाली असतो. साधी टेप पुरते.

पहिल्या दिवशी धोका नव्हता म्हणून पुढे विसरून जाऊ नये. तपासणी दर आठवड्याला पुन्हा करावी.

रुग्ण जाड आहे. त्याला कुपोषणाची चाचणी कशाला?

कारण चरबीखाली स्नायू झिजलेले दिसत नाहीत. सहा महिन्यांत आपोआप ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर मूळचं वजन कितीही असो, ती धोक्याची खूण आहे. असे रुग्ण सर्वात जास्त सुटतात. उलट 'बरं झालं, वजन उतरलं' असं त्यांना ऐकवलं जातं.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आहे म्हणजे कुपोषण का?

नाही. अल्ब्युमिन दाहामुळे, यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारानेही खाली येतं. ते आजार किती गंभीर आहे याबद्दल सांगतं, पोषणाबद्दल फारसं नाही.

आजारी माणसाला किती लागतं?

ढोबळमानाने प्रौढ रुग्णाला रोज दर किलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १,५०० ते १,८०० किलोकॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. निरोगी माणसासाठी सांगितलेल्या ०.८ ग्रॅमपेक्षा हे बरंच जास्त आहे. पेज, सूप, फळांचा रस हे 'हलकं' खाणं बरं वाटावं म्हणून दिलं जातं, पण नुसत्या त्याच्यावर हा आकडा गाठला जाणं अशक्य आहे. दूध, अंडी, डाळी, मासे, मांस, यांतलं रुग्णाला चालणारं काहीतरी प्रत्येक वेळच्या खाण्यात हवंच.

मात्र जास्त म्हणजे चांगलं, असंही समजू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना रोज दर किलोमागे २.२ ग्रॅम प्रथिनं द्यायचा प्रयत्न केला. ते लवकर घरी गेले नाहीत आणि ज्यांची मूत्रपिंडं बिघडलेली होती त्यांचं बहुधा नुकसानच झालं.

सगळं देऊनही रुग्ण जेवतच नाही. काय करायचं?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि खरी कसोटी इथेच लागते. आधी 'का जेवत नाही' हे त्याच्याजवळ बसून विचारावं. उत्तर अनेकदा अगदी साधं निघतं. ताटावरचं झाकण उघडत नाही. आडवं पडून गिळता येत नाही. चष्मा नाही म्हणून ताटात काय आहे ते दिसत नाही. तोंड आलंय. चार दिवस पोट साफ झालेलं नाही. गोळ्यांनी मळमळतंय आणि मळमळीची गोळी जेवणानंतर मिळते. यातल्या प्रत्येकावर काही मिनिटांत होणारा उपाय आहे, पण विचारलंच नाही तर 'रुग्णाने जेवण नाकारलं' एवढीच नोंद होते.

मग जेवणाची वेळ सांभाळावी. त्या अर्ध्या-पाऊण तासात राउंड, ड्रेसिंग, रक्त घेणं, फरशी पुसणं शक्यतो नको. ब्रिटनमध्ये ही पद्धत बरीच रुजली. पण फक्त वॉर्डाचं दार बंद केल्याने रुग्ण जास्त जेवतात असं अभ्यासांतून दिसलेलं नाही, आणि ते साहजिक आहे. शांतता मिळाली पण भरवायला कुणी आलं नाही, तर काय उपयोग? त्या वेळात मोकळे झालेले हात रुग्णापाशी गेले पाहिजेत: उठवून बसवायला, डबे उघडून द्यायला, घास भरवायला. ज्यांना मदत लागते त्यांचा ट्रे वेगळ्या रंगाचा ठेवायची युक्ती काही रुग्णालयांनी वापरली आहे. लाल ट्रे दिसला की तो नुसता ठेवून निघून जायचं नाही आणि न विचारता उचलायचाही नाही.

तिसरी गोष्ट, थोडं पण वरचेवर. भूक मेलेल्या माणसासमोर भरलेलं ताट आलं की त्याला बघूनच नको होतं. अर्धं ताट द्या, पण त्यात तूप, लोणी, दुधाची पावडर किंवा अंडं घालून ते दाट करा आणि मध्ये दोन-तीनदा काहीतरी द्या. पूरक पेय एकदम ग्लासभर देण्याऐवजी औषधांच्या वेळी ५०-६० मिलिलिटर दिलं तर ते संपण्याची शक्यता वाढते, कारण सिस्टर समोरच उभ्या असतात. काही रुग्णालयांनी ठरावीक वेळी ताट पाठवण्याऐवजी रुग्णाने मागितल्यावर ताजं जेवण द्यायला सुरुवात केली. तिथे रुग्ण जास्त खाऊ लागले आणि टाकून द्यावं लागणारं अन्नही घटलं.

आणि ताट उचलताना बघावं: पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव की काहीच नाही? एवढीच खूण तक्त्यावर करायची. २००६ पासून अनेक देशांतली रुग्णालयं वर्षातून एक दिवस ठरवून अशी पाहणी करतात. त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण ताट संपवत नाहीत असं दिसलं आणि जे सर्वात कमी खातात त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. कमी खाणं हे आजार वाढल्याचं लक्षणही असू शकतं. पण तेवढ्यासाठी तरी ती खूण डॉक्टरांच्या नजरेस पडायलाच हवी.

सलाईन चालू आहे, मग ताकद मिळतेच ना?

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर सलाईनमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी. प्रथिनं शून्य. नॉर्मल सलाईनमध्ये तर फक्त मीठ आणि पाणी. सलाईनने शरीरातलं पाणी आणि क्षार सांभाळले जातात, जेवणाची जागा ते घेऊ शकत नाही. शिरेतून पूर्ण पोषण देता येतं, पण ती द्रावणं वेगळी असतात.

शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवणं गरजेचं आहे का?

बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांसाठी नाही. भूलतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हलकं जेवण भुलीच्या ६ तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा गाळीव, दूध नसलेली पेयं २ तास आधीपर्यंत चालतात. अमेरिकेतल्या संघटनेने हे १९९९ मध्येच लिहून दिलं. तरी 'रात्री बारानंतर काही नाही' हा नियम अनेक वॉर्डांत सगळ्यांना सरसकट लावला जातो आणि दुपारी ज्याचा नंबर आहे तो रुग्ण तहानेने व्याकूळ होतो. तातडीची शस्त्रक्रिया, जठर हळू रिकामं होण्याचा त्रास अशा ठिकाणी नियम वेगळे असतात, म्हणून शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. शस्त्रक्रिया रद्द झाली तर त्याच क्षणी जेवण सुरू करायची जबाबदारी मात्र कुणाच्या तरी नावावर लिहिलेली हवी.

शस्त्रक्रियेनंतरही आतड्यांचा आवाज यायची वाट बघत दिवस घालवण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात लवकर खाणं, लवकर उठून चालणं आणि वेदनांवर नीट उपचार यांची जी सांगड घातली, तिच्यामुळे रुग्ण लवकर घरी जाऊ लागले.

नळीने अन्न कधी द्यायचं?

तोंडाने भागत नसेल आणि आतडी काम करत असतील तेव्हा. आतडी चालत नसतील तरच शिरेतून. अतिदक्षता विभागात, रुग्णाचा रक्तदाब सावरलेला असेल तर, पहिल्या ४८ तासांत नळीतून थोडं थोडं सुरू करून काही दिवसांत पूर्ण मात्रेवर न्यावं असं सांगितलं जातं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला पोटातून कायमची नळी बसवल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. तिथे हाताने, सावकाश, जमेल तेवढं भरवणंच योग्य. नातेवाईकांना हे समजावून सांगायला डॉक्टरांनी वेळ काढलाच पाहिजे. 'आपण त्याला उपाशी ठेवतोय' हे ओझं त्यांनी एकट्याने वाहू नये.

कित्येक दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला भरपूर खाऊ घातलं तर?

जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यातले काही दगावले. उपासात शरीरातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे साठे आटलेले असतात. एकदम अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, हे क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो. १० दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेले, बीएमआय १६च्या खाली असलेले किंवा काही महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटलेले रुग्ण या धोक्यात असतात. ब्रिटनच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनेनुसार त्यांना रोज दर किलोमागे जास्तीत जास्त १० किलोकॅलरीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं, आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि रक्तातले क्षार रोज तपासायचे. नातेवाईकांनी प्रेमापोटी लपवून भरवू नये, म्हणून हे त्यांनाही स्पष्ट सांगावं.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार असेल तर पथ्य किती कडक ठेवायचं?

तीन आजारांची तीन पथ्यं एकावर एक चढवली की ताटात खाण्यासारखं काही उरत नाही. बिनमिठाचं, बिनसाखरेचं, कमी प्रथिनांचं ताट रुग्णाने लोटून दिलं तर त्याचा कोणताच आजार सुधारला नाही. माझं स्पष्ट मत आहे की तीव्र आजारपणाच्या दिवसांत पुरेसं खाणं हे पहिलं आणि पथ्याचे बारकावे त्यानंतर. साखर वाढली तर औषध जुळवता येतं. पोटॅशियम फार वाढलेलं असणं किंवा एखाद्या अन्नाची ॲलर्जी असणं, इथे मात्र सूट नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज वाढते. जुनं कमी प्रथिनांचं पथ्य तेव्हा बदलावंच लागतं आणि हा बदल अनेकदा राहून जातो.

गिळताना ठसका लागतो. पातळ पदार्थ द्यावेत ना?

अंदाजाने काहीही देऊ नये. पक्षाघातानंतर अनेकांना साधं पाणीच जास्त धोक्याचं असतं, कारण ते पटकन श्वासनलिकेत उतरतं. गिळण्याची तपासणी करून घ्यावी. पदार्थ किती दाट हवा यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. ठरलेला आकडा खाटेजवळ लिहून ठेवावा.

आमचं रुग्णालय लहान आहे, आहारतज्ज्ञ नाहीत. आम्हाला हे जमेल?

दाखल होताना विचारायचे ते दोन प्रश्न, वजनकाटा, टेप, ताटाची नोंद आणि जेवणाच्या वेळी मदत, यांपैकी कशालाच महागडं यंत्र लागत नाही. एका वॉर्डापासून सुरू करा. एका सिस्टरकडे किंवा डॉक्टरांकडे नाव घेऊन जबाबदारी द्या. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी बाहेरच्या आहारतज्ज्ञांचा फोनवरून सल्ला घेता येतो. स्वयंपाकघरातल्या माणसांना मात्र या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. कोणतं ताट का परत आलं हे त्यांना कधी कुणी सांगतच नाही.

घरी गेल्यावर काय?

एफर्टमधल्या रुग्णांना सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक उरलेला नव्हता. पोषणाची मदत डिस्चार्जबरोबर थांबली आणि तिचा फायदाही विरला. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खालीच वजन, आहाराचं उद्दिष्ट, पूरक पेय कधीपर्यंत घ्यायचं आणि पुन्हा वजन कधी करायचं, हे लिहिलेलं हवं. घरी रांधणारं कोण आहे, विकत आणायला पैसे आहेत का, हेही विचारावं. बॉस्टन मेडिकल सेंटरने २००१ पासून गरजू रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर धान्य-भाजी देणारं भांडार चालवलं आहे. पण नुसतं अन्न हातात दिल्याने सगळं सुधारतं असंही नाही. मधुमेहाच्या रुग्णांना सकस शिधा आणि सल्ला देणाऱ्या एका अमेरिकी कार्यक्रमाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साखर दोन्ही गटांत जवळपास सारखीच उतरली, शिधा मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांतही. भुकेल्या माणसाला अन्न द्यायला याहून वेगळा पुरावा लागत नाही. पण त्यातून नेमका कोणता आजार आटोक्यात येईल, हे मोजूनच सांगावं.

कार्यक्रम चालतोय की नुसते तक्ते भरले जाताहेत, हे कसं ओळखायचं?

महिन्यातून एकदा, न सांगता, एका वॉर्डातले १० केसपेपर काढा. किती जणांचं वजन लिहिलंय? ते काट्यावर केलेलं आहे की विचारून लिहिलेलं? धोक्यात निघालेल्यांपैकी किती जणांसाठी ४८ तासांत काही केलं गेलं? अर्ध्याहून कमी ताट खाल्ल्याची नोंद सलग दोन दिवस असेल, तर तिसऱ्या दिवशी काय बदललं? पहिल्या प्रश्नांची उत्तरं लवकर सुधारतात. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक केसपेपरांत कोरं सापडतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत चर्चा त्या कोऱ्या जागांवर करा, रुग्णाचं नाव आणि खाट क्रमांक समोर ठेवून.